फोन किंचाळतो, आपण 'ओके' दाबतो

बैठक ऐन रंगात आली होती. टेबलावर सात-आठ फोन उताणे पडलेले, बहुतेक सायलेंटवर. एकाएकी सगळे एकदम किंचाळले. तो आवाज रिंगटोनचा नव्हता. कर्कश, घोगरा, थांबून थांबून येणारा, आणि त्याच्या तालावर टेबलही थरथरायला लागलं. एक जण खुर्चीतून अर्धा उठला. एका बाईंनी फोन कानाला लावला, त्यांना वाटलं कुणाचा तरी कॉल आहे. पडद्यावर लिहिलं होतं की ही आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी आहे, तुम्ही काहीही करण्याची गरज नाही. सगळे हसले, पाच मिनिटं त्यावरच गप्पा झाल्या.

काही दिवसांनी तोच आवाज पुन्हा आला. या वेळी कुणी हसलंही नाही. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी बोलणं न थांबवता, पडद्याकडे न बघता, अंगठ्याने 'ओके' दाबून फोन गप्प केला. काय लिहिलं होतं, असं मी नंतर विचारलं. "असेल काहीतरी टेस्टबिस्ट."

हे 'असेल काहीतरी' तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसलंय. माणसाने हातातलं काम टाकून पडद्याकडे बघावं, एवढ्याचसाठी हा आवाज मुद्दाम असा कानाला टोचणारा केलेला आहे. तो दोनदा वाजला आणि एका शहाण्यासुरत्या माणसाने बघणं सोडून दिलं. मग असे इशारे वारंवार आले, तर माणसं सावध होतात की नुसती वैतागतात? त्याआधी हा प्रकार चालतो कसा ते बघू. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

## पत्र नव्हे, दवंडी

आपण रोज पाठवतो तो एसएमएस म्हणजे पत्र. त्यावर एका माणसाचा नंबर असतो आणि तो त्याच्यापर्यंत वेगळा पोचवावा लागतो. लाखभर लोकांना कळवायचं तर लाखभर पत्रं. संकटाच्या वेळी सगळेच एकमेकांना फोन करत असतात, नेटवर्क तुंबतं आणि ही पत्रं रांगेत अडकतात. पूर ओसरल्यावर पुराचा मेसेज मिळतो तो असा.

आपत्कालीन इशाऱ्यासाठी जे तंत्र वापरतात त्याला 'सेल ब्रॉडकास्ट' म्हणतात. ती दवंडी आहे. मोबाइलचा टॉवर आपल्या टापूत एकदाच ओरडतो, आणि त्या टापूत जेवढे फोन चालू आहेत तेवढे सगळे ते ऐकतात. दहा फोन असोत की दहा लाख, टॉवरला श्रम तेवढेच, त्यामुळे गर्दीने तो तुंबत नाही. १९९७ साली पॅरिसमध्ये याचं प्रात्यक्षिक झालं होतं, म्हणजे हे तंत्र आजच्या स्मार्टफोनपेक्षाही जुनं आहे.

दवंडी पिटणाऱ्याला कुणी ऐकलं हे कळत नाही. इथेही तसंच. "माझा नंबर सरकारला कसा मिळाला?" ही शंका हमखास विचारली जाते. त्याचं उत्तर असं की नंबर लागतच नाही. पाठवणाऱ्याकडे तुमचं नाव नसतं, तुम्ही वाचलं की नाही हेही कळत नसतं. पाळतीची भीती असणाऱ्यांनी या बाबतीत निर्धास्त राहावं. पण याच गुणात या यंत्रणेचं मोठं दुखणं लपलेलं आहे, त्याकडे शेवटी येऊ.

आवाजाबद्दल दोन शब्द. अमेरिकेत फोनवर जो सूर वाजतो तो ८५३ आणि ९६० हर्ट्झ असे दोन स्वर एकत्र वाजवून केलेला आहे. हे दोन स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, खटकतात. आधी एक लांब, मग दोन आखूड, आणि पुन्हा तसंच. गाणं म्हणून कुणी ऐकणार नाही आणि कुठल्या जाहिरातीशी घोळ होणार नाही, असा तो निवडलाय. तो आवडत नाही ही तक्रार म्हणजे हिरवी मिरची तिखट लागते अशी तक्रार झाली.

## पाठवणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा

मग इतके इशारे येतात कशाला? आळस, बेफिकिरी, अतिउत्साह अशी कारणं लोक सांगतात. मला वाटतं खरं कारण साधं आहे. पाठवणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया प्रांतात प्रचंड पाऊस झाला. हवामान खात्याने सकाळीच लाल इशारा दिला होता. लोकांच्या फोनवर सेल ब्रॉडकास्ट पोचला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर अनेक गावांत पाणी शिरलं होतं, माणसं तळमजल्यावर आणि गाड्यांमध्ये अडकली होती. प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि '८ वाजून ११ मिनिटं' हा आकडाच मोर्चांची घोषणा झाला. त्याआधी जुलै २०२१ मध्ये जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात आणि आसपास पूर आला, देशात १८० हून अधिक लोक मेले. फोनसाठी ॲप होती, पण सेल ब्रॉडकास्ट नव्हता. ती दुर्घटना घडल्यावर हालचाल झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे ही सोय सुरू झाली.

आता विचार करा. इशारा न पाठवल्याबद्दल चौकशी होते, खुर्ची जाते, मोर्चा निघतो. जास्त पाठवल्याबद्दल काय होतं? चार लोक बोटं मोडतात. हात बटणावर असलेला माणूस कुठल्या बाजूला चुकणं पसंत करेल?

ही ओढ आवरण्यासाठीच काही देशांनी चाळण्या ठरवून दिल्या आहेत. अमेरिकेत धोक्याच्या इशाऱ्याला फोन वाजवायची परवानगी मिळण्याआधी तीन प्रश्न असतात: धोका किती जवळ आलाय, तो किती गंभीर आहे, आणि तो येणारच याची खात्री किती. तिन्हीत वरच्या दोन पायऱ्यांवर असेल तरच फोन वाजवायचा. चाळणी चांगली आहे. पण 'गंभीर' म्हणजे काय हे शेवटी एक घाबरलेला माणूसच ठरवतो.

## कंटाळा वेगळा, अविश्वास वेगळा

वारंवार इशाऱ्यांनी नेमकं काय बिघडतं, इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक मेंदूच्या सवयीची, दुसरी विश्वासाची.

सवय ही अगदी खालच्या पातळीवरची भानगड आहे. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. २००० सालचं नोबेल त्यांना मिळालं, त्यामागे हे काम होतं. गोगलगाईला हलकासा स्पर्श केला की ती कल्ले आत ओढून घेते. पुन्हा पुन्हा तसाच स्पर्श केला की दरवेळी कमी ओढते, आणि काही वेळाने जवळजवळ हलतच नाही. ती काही विचार करून ठरवत नाही की हा स्पर्श निरुपद्रवी आहे. तिच्या मज्जापेशींमधला निरोपच मंदावतो. मात्र शेपटीला एक झटका दिला, की पुढच्या स्पर्शाला ती पुन्हा दचकते. माझ्या शेजारचे गृहस्थ त्या दिवशी गोगलगाईच्याच रस्त्याने गेले. त्यात त्यांची चूक नाही, सगळ्या जिवंत मेंदूंचा हा धर्म आहे.

हे किती महाग पडतं ते अतिदक्षता विभागात दिसतं. तिथे खाटेशेजारची यंत्रं दिवसभर टिंटिं करत असतात. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये असं आढळलंय की त्यातले ७२ ते ९९ टक्के गजर कामाचे नसतात. तार सैल झाली, रुग्ण कुशीवर वळला, की वाजला गजर. हळूहळू परिचारिकांचे कान मिटतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या 'जॉइंट कमिशन' या संस्थेने २०१३ मध्ये सांगितलं की साडेतीन वर्षांत गजरांशी निगडित ९८ गंभीर घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या, त्यांतल्या ८० मध्ये रुग्ण दगावला. ही माणसं प्रशिक्षित होती, पगारी होती, गजर ऐकणं हे त्यांचं कामच होतं. मग आपली काय कथा!

दुसरी गोष्ट 'लांडगा आला रे आला'ची. इशारे खोटे निघतात, म्हणून लोक पुढचा मानत नाहीत. केव्हिन सिमन्स आणि डॅनियल सटर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या टोर्नेडोंची, म्हणजे जमिनीवर उतरणाऱ्या विध्वंसक वावटळींची, आकडेवारी तपासली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्या भागात आधीचे इशारे जास्त प्रमाणात फोल गेले होते, तिथे पुढे टोर्नेडोत मरणाऱ्यांचं आणि जखमींचं प्रमाणही जास्त निघालं. म्हणजे ही भीती पोकळ नाही.

तरी ती गोष्ट इथे पुरती लागू पडत नाही. गोष्टीतला मुलगा गंमत म्हणून खोटं बोलत होता, लांडगा नव्हताच. टोर्नेडोच्या किंवा पुराच्या फोल इशाऱ्यात बहुतेकदा लांडगा रानात असतो, फक्त तो पलीकडच्या शिवारात वळलेला असतो. हे लोकांना कुणी समजावून सांगितलं, "ढग तुमच्या उत्तरेकडून गेला, थोडक्यात वाचलात", तर ते पुढच्या वेळी जास्त सावध होऊ शकतात. पण इशारा संपल्यावर बहुतेक यंत्रणा गप्प बसतात. फोन किंचाळला, काही झालं नाही, पुढे अळीमिळी गुपचिळी. माझ्या मते सगळ्यात स्वस्तात सुधारता येण्यासारखी चूक हीच आहे.

## पत्ता चुकलेला इशारा

आता मुख्य मुद्दा. दिवसाला तीन इशारे आले आणि तिन्ही माझ्या गल्लीच्या कामाचे असले, तर मी वैतागत नाही, उलट फोन उशाशी घेऊन झोपतो. वर्षातून एकच आला आणि तो शंभर किलोमीटर दूरच्या ओढ्याबद्दल असला, तर तोही नकोसा होतो. लोक 'फार येतात' म्हणतात, पण त्यांचं खरं म्हणणं असतं, 'माझ्यासाठी नसलेले फार येतात'.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वणवे पेटले होते, तेव्हा याची दोन्ही टोकं एकाच आठवड्यात दिसली. ९ जानेवारीच्या दुपारी घर सोडण्याच्या तयारीत राहा असा इशारा एका लहान भागासाठी द्यायचा होता. तो गेला काउंटीतल्या जवळजवळ एक कोटी लोकांना. कुठली आग, कुठला भाग, याचा मजकुरात पत्ता नव्हता, नुसतं 'तुमच्या भागात' असं होतं. लोक सामान बांधायला लागले, मग काही वेळाने चुकीचा होता असा खुलासा आला. त्यानंतरही चुकीचे इशारे येत राहिले आणि लोक वैतागून अलर्ट बंद करायला लागले. आणि त्याच्या दोनच रात्री आधी, अल्टाडेना गावाच्या पश्चिम भागात, जिथे आग खरोखर घरांपर्यंत आली होती, तिथे घर सोडा हा आदेश फोनवर पहाटे तीन वाजून गेल्यावर पोचला. त्या आगीत मेलेल्यांपैकी जवळजवळ सगळे याच पश्चिम भागातले होते. एकीकडे गरज नसताना एक कोटी फोन वाजले, दुसरीकडे गरज असताना तासन्‌तास शांतता. अशा वेळी 'इशारे जास्त की कमी' हा प्रश्नच कुचकामी ठरतो.

पत्ता नीट लिहिण्याचं तंत्र नाही असं नाही. अमेरिकेत पूर्वी टोर्नेडोचा इशारा अख्ख्या काउंटीला दिला जायचा. २००७ पासून वादळाच्या वाटेवर नकाशात बहुभुज आखून तेवढ्याच भागाला देतात. पुढे फोनमध्येच सोय आली: टॉवर इशाऱ्यासोबत नकाशाचे कोपरेही पाठवतो, आणि फोन स्वतःच बघतो की आपण आत आहोत की बाहेर. बाहेर असेल तर गप्प राहतो. २०१९ च्या अखेरीपासून तिथे नियम आहे की इशारा हद्दीबाहेर एक दशांश मैलापेक्षा जास्त सांडता कामा नये. जुन्या फोनना हे जमत नाही, ही त्यातली मेख.

## "पण मध्यरात्री कशाला उठवता?"

फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोत एका लहान मुलीच्या अपहरणाचा इशारा रात्री साडेअकराच्या सुमारास लोकांच्या फोनवर गेला. झोपमोड झाली म्हणून काही लोकांनी थेट पोलिसांच्या आपत्कालीन नंबरवर फोन करून तक्रार केली. जो नंबर माहिती कळवण्यासाठी मोकळा हवा होता, तोच! त्याच इशाऱ्यातलं वर्णन वाचून कुणीतरी संशयिताची गाडी ओळखली आणि तो पकडला गेला. मुलगी मात्र वाचली नव्हती.

तक्रार करणाऱ्यांवर तुटून पडणं सोपं आहे. पण शेकडो किलोमीटरवर झोपलेल्या माणसाने अंथरुणात बसून त्या गाडीचं काय करायचं होतं, हाही प्रश्न उरतोच. पूर किंवा आग असेल तर झोपलेल्याला उठवलंच पाहिजे, त्याचा जीव जागं होण्यावर अवलंबून आहे. अपहरणात मदत करू शकतो तो रस्त्यावर जागा असलेला माणूस. दोघांना एकच किंकाळी का? काही देशांत असे वेगवेगळे प्रकार सेटिंग्जमध्ये वेगळे ठेवलेत. कॅनडात ग्राहकाला हे इशारे बंद करण्याची मुभाच दिलेली नाही. माझा कल वेगवेगळ्या आवाजांकडे आहे.

## "एकदा खोटा निघाला, मग कसा विश्वास ठेवायचा?"

१३ जानेवारी २०१८, अमेरिकेतली हवाई बेटं, सकाळचे ८ वाजून ७ मिनिटं. फोनवर आलं: क्षेपणास्त्र येतंय, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही. लोकांनी मुलांना गटारांच्या झाकणांखाली उतरवलं, घरच्यांना निरोपाचे फोन केले. दुरुस्तीचा अलर्ट आला तो ३८ मिनिटांनी. गव्हर्नर डेव्हिड इगे यांना दोन मिनिटांतच कळलं होतं की हे चुकून झालंय. पण ट्विटरवर लगेच का सांगितलं नाही, तर लॉगइन आठवेना, असं त्यांनीच पुढे कबूल केलं. हसू येतं खरं, पण यातलं काळजीचं हे की 'चुकून गेला' हा मजकूरच कुणी तयार ठेवलेला नव्हता.

दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये ३१ मे २०२३ ला सकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी इशारा गेला: घर सोडण्याच्या तयारीत राहा, मुलं आणि वृद्धांना आधी बाहेर पडू द्या. का सोडायचं, कुठे जायचं, एक अक्षर नाही. उत्तर कोरियाने रॉकेट सोडलं होतं, पण सोलला धोका नव्हता. बावीस मिनिटांनी गृहमंत्रालयाने कळवलं, चुकून गेला. कोविडच्या काळात तिथल्या लोकांनी स्थानिक प्रशासनांच्या अलर्टचा एवढा भडिमार सोसला होता की अनेकांनी आवाज बंदच करून टाकला होता.

जपानचं उदाहरण याउलट आहे. तिथे ऑक्टोबर २००७ पासून भूकंप जाणवण्याच्या काही सेकंद आधी जनतेला इशारा दिला जातो. २०११ च्या महाभूकंपानंतर धक्क्यांवर धक्के येत होते, यंत्रणा गोंधळली आणि बरेच अंदाज चुकले. जानेवारी २०१८ मध्ये दोन वेगळे लहान भूकंप एकाच वेळी झाले, यंत्रणेने ते एकच मोठा समजून टोकियो परिसराला दचकवलं. पण दरवेळी हवामान संस्था लगेच सांगते: असं असं झालं, गणित इथे चुकलं. टेबलाखाली जायला काही सेकंद लागतात आणि इशारा चुकला तर सामान्य माणसाचं नुकसान बहुतेकदा तेवढंच होतं. लोक असा सौदा मान्य करतात. घर सोडायला लावणाऱ्या इशाऱ्याला मात्र एवढी सवलत मिळत नाही, आणि ते रास्तच आहे.

## इशारा वाचून लोक गप्प का बसतात?

बसत नाहीत, खात्री करत असतात. समाजशास्त्रज्ञांना हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे की पहिला इशारा ऐकून माणूस पळत नाही. तो खिडकीतून बघतो, शेजाऱ्याला विचारतो, टीव्ही लावतो. २२ मे २०११ रोजी अमेरिकेतल्या जॉप्लिन शहरात टोर्नेडोने दीडशेहून जास्त बळी घेतले. नंतरच्या पाहणीत दिसलं की पहिला भोंगा ऐकून बहुतेकांनी आसरा घेतला नव्हता, आणखी एखादी खूण मिळायची वाट बघितली होती.

ही वाट बघण्याची मिनिटं मजकुरानेच कमी करता येतात. कोण सांगतंय, काय धोका, नेमका कुठे, केव्हापर्यंत, आणि मी आत्ता काय करू, एवढं इशाऱ्यातच असेल तर विचारायला उरतं काय? अमेरिकेत सुरुवातीला फक्त ९० अक्षरांची मर्यादा होती, त्यात हे बसणं अशक्य. आता ती ३६० आहे. सोलच्या त्या मजकुरात जागेची अडचण नव्हती, विचाराची होती.

## मग बंद करू का?

मघाशी म्हटलं होतं की दवंडी पिटणाऱ्याला कुणी ऐकलं हे कळत नाही. कुणी कानात बोळे घातले हेही कळत नाही. तुम्ही वैतागून सेटिंग्जमध्ये जाऊन 'आपत्कालीन अलर्ट'ची कळ बंद करता, तेव्हा ही तक्रार कुणाच्याच टेबलावर जात नाही. पाठवणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल आहे, म्हणून तो तसंच पाठवत राहतो. ॲप असती तर किती जणांनी काढून टाकली याचा आकडा रोज समोर आला असता.

माझ्यापुरतं मी असं केलंय: चाचणीचे अलर्ट बंद, सौम्य प्रकारातले बंद, जिवावर बेतणारे दोन वरचे प्रकार चालू. बहुतेक फोनमध्ये या कळा वेगवेगळ्या असतात, 'सेफ्टी' किंवा 'नोटिफिकेशन'च्या पानावर अगदी तळाशी. सगळं एका फटक्यात बंद करण्याआधी तिथवर एकदा खाली जाऊन बघा.

सगळंच बंद करायला हवं असे लोकही आहेत, आणि त्यांचा वैतागाशी काही संबंध नाही. घरात मारहाण सोसणाऱ्या काही बायका एक दुसरा फोन लपवून ठेवतात, कपाटात, गादीखाली, सायलेंटवर. हा अलर्ट सायलेंटला जुमानत नाही. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल २०२३ ला देशभर चाचणी व्हायची होती, तेव्हा अशा बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आधीच बजावलं होतं: लपवलेल्या फोनवरचे अलर्ट बंद करा, नाहीतर दुपारी तीन वाजता फोन स्वतःच आपली जागा सांगेल. काही नेटवर्कवर तर तो तीनच्या एक मिनिट आधीच वाजला.